टक्कर नाही, तरी लाट विरते

तळ्यात दगड टाकला की तरंग उठतात आणि विरतात. पाण्याचे कण एकमेकांना घासतात, तरंगांची ऊर्जा उष्णतेत जाते. पण अवकाशात विद्युतभारित कणांचा विरळ वायू, म्हणजे प्लाझ्मा, पसरलेला असतो. तिथे कणांच्या टकरी क्वचितच होतात. मग तिथली लाट विरेल कशी?

१९४६ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव लान्दाऊ यांनी कागदावर दाखवलं की टक्कर नसली तरी लाट विरते. हे सांगताना मला आपली एसटी आठवते. चालत्या गाडीत चढायचं तर तिच्या वेगानं धावावं लागतं. तसंच लाटेच्या जवळपासच्या वेगानं जाणारे कणच तिच्या विद्युतक्षेत्राशी देवघेव करतात. किंचित मंद कण ऊर्जा घेतात, किंचित वेगवान कण देतात. घेणारे संख्येनं जास्त, म्हणून लाट तोट्यात जाते.

काहींना हा नुसता गणिताचा खेळ वाटला. १९६४ मध्ये माल्मबर्ग आणि व्हार्टन यांनी प्रयोगशाळेत तो खरा करून दाखवला. अवकाशातला थेट पुरावा मात्र २०१९ मध्ये आला. सौरवारा पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळून जिथे खळबळ माजते, तिथे नासाच्या 'एमएमएस' मोहिमेनं २०१५ साली विद्युतक्षेत्र आणि इलेक्ट्रॉनांचे वेग मोजले होते. दोन्ही ताडून पाहिल्यावर ठरावीक वेगाचे इलेक्ट्रॉन लाटेकडून ऊर्जा घेताना सापडले.

लान्दाऊ १९६८ मध्येच गेले होते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, पण त्यावरचं प्रभामंडळ दहा लाखांच्याही वर का तापतं, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. त्या हिशेबात लान्दाऊंची ही देवघेव किती, हेच आता मोजायचं आहे.