आंदणातील एक कलम

वसईच्या किल्ल्यातील भग्न चर्चे पाहताना चिमाजी आप्पांच्या फौजेचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच आहे. तथापि पोर्तुगीजांच्या त्या पराभवात वेढ्याबाहेर राहिलेल्या एका तिसऱ्या पक्षाचाही वाटा होता. तो पक्ष म्हणजे पोर्तुगालचा जुना मित्र इंग्रज.

ही मैत्री १३७३ च्या तहापासूनची. १३८६ साली विंडसर येथे ती अधिक दृढ झाली. पुढे १६४० मध्ये स्पेनचे जोखड झुगारलेला पोर्तुगाल एकीकडे स्पेन व दुसरीकडे डच अशा कात्रीत सापडला. तेव्हा १६६१ च्या तहाने त्याने राजकन्या कॅथरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली आणि आंदण म्हणून टँजियर व मुंबई. मोबदल्यात, पोर्तुगालच्या सर्व वसाहतींचे आजच्या व उद्याच्या शत्रूंपासून रक्षण करण्याचे वचन इंग्लंडने एका गुप्त कलमाद्वारे दिले.

गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियु द मेलू द कास्त्रू मुंबई सोडावयास राजी नव्हता. इंग्रज तेथे स्थिरावले की आपला हिंदुस्थान गेलाच समजा, असे त्याने पोर्तुगालच्या राजाला कळविले होते. राजाज्ञेपुढे त्याचे काही चालले नाही. १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांच्या हाती पडली आणि १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. खरी मेख येथेच आहे. वचन दिले होते राजाने. मुंबईत येऊन बसली व्यापारी कंपनी.

१७३७ मध्ये ठाणे व साष्टी मराठ्यांनी घेतली. १७३९ च्या वेढ्यात वसईकरांनी मुंबईकडे याचना केली. फौज आली नाही. पंधरा हजार रुपये कर्जाऊ मिळाले, तेही चर्चमधील चांदी व पितळी तोफा तारण घेऊन! पूजेची भांडी गहाण पडावीत याचे मला, धर्मगुरू म्हणून, दुःख वाटतेच. पण वेढलेल्या शहराच्या तोफाच मित्राने तारण घ्याव्यात, याला काय म्हणावे? मे महिन्यात वसई पडली. जुलैमध्ये कंपनीने मराठ्यांशी तह केला. कंपनीला कृतघ्न म्हणणे सोपे आहे. परंतु मराठे आता तिच्या दारात उभे होते आणि तिला व्यापार करावयाचा होता.

१८९९ मध्ये लंडनने त्या कलमाचा पुनरुच्चार केला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, चर्चिलने १३७३ च्या तहाचा हवाला देऊन अझोर्स बेटांवर तळ मागितले, ते मिळाले. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यासाठी सालाझारने याच मैत्रीची आठवण दिली, तेव्हा राष्ट्रकुलातील भारताशी आपण लढू शकत नाही, असे उत्तर लंडनहून आले.