दगडू, धोंडू आणि सटवाई
लागोपाठ मुलं दगावली, की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू ठेवायचं, ही चाल महाराष्ट्रभर होती. वऱ्हाडातही. पाचवीला सटवाई पुजूनही बाळ गेलं, तर नशिबाला बोल, नाहीतर सुनेला. ती पांढऱ्या पायाची ठरायची. या चालीमागचं निरीक्षण मात्र खरं होतं. मृत्यू काही घरांना पुन्हा पुन्हा गाठत होता. चुकलं ते कारण. विळ्यानं कापलेली नाळ, तिच्यातून धनुर्वात. कमी वजन, जंतुसंसर्ग, गारठा. विळा तोच, आईची उपासमार तीच, मग मरण तरी वेगळं कुठून येणार? अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गडचिरोलीच्या 39 गावांत तिथल्याच बायकांना शिकवून बाळंतिणीच्या घरी धाडलं. ऊब, स्तनपान, वेळेवर प्रतिजैविक, एवढ्यावर तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं.

कुणी म्हणेल, तशाच गरिबीत शेजारची मुलं जगली, ती कशी? आक्षेप रास्त आहे. काही घरांत दोष रक्तातून येतो, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या रीतीत असे लपलेले विकार उघडे पडण्याचा संभव वाढतो. पण म्हणून आईकडे बोट दाखवणं किती घातक, हे ऑस्ट्रेलियात दिसलं. आपल्याच चार मुलांच्या मृत्यूंबद्दल 2003 मध्ये दोषी ठरलेल्या कॅथलीन फोल्बिग यांच्या दोन मुलींत हृदयाची लय बिघडवू शकणारा जनुकदोष सापडला. न्यायालयानं त्यांची दोषसिद्धी रद्द केली, ती डिसेंबर 2023 मध्ये.