ताडोबाची वाट

आमच्या चंद्रपुरास पाहुणा आला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "वाघ दिसेल का?" वाघ दिसला नाही, तर ताडोबा पाहिलाच नाही, असे त्यास वाटते. मला मात्र त्या रानातले दगडी खांब अधिक बोलके वाटतात.

मोहर्लीहून तळ्याकडे निघाले, की रस्त्याच्या कडेने ते उभे दिसतात. खांब गोंड राजांच्या वेळचे. त्यांतून दोर ओवून, घंटा बांधून चांद्याला वर्दी देत, असे जुनी माणसे सांगतात. वर्दीचे खरेखोटे देव जाणे. पण एके काळी ही राबती वाट होती, एवढे खरे.

तळ्याकाठी झाडाखाली तारूचे ठाणे आहे. तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो पडला, अशी कथा आहे. लोकांनी त्याला देव मानले. पौषात तेथे आदिवासींची जत्रा भरू लागली. याच देवावरून रानाला नाव मिळाले.

कायदा मागाहून आला. १९३५ साली शिकार बंद झाली. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. पुढे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याची ख्याती झाली. १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. नवेगाव, जामणी ही गावे रानाबाहेर नेण्यात आली. वाघाला जागा झाली. ज्यांची ती गावे होती, त्यांचे अंगण मात्र मागे राहिले.

परदेशी वाळवंटांतल्या उद्यानांत लोक पाठीवर पाणी घेऊन दिवस दिवस पायी हिंडतात. तेथे दूरवरचे दिसते. आमच्याकडे बांबूच्या बेटाआड काय बसले आहे, ते चार पावलांवरूनही कळत नाही. म्हणून प्रवाशांनी गाडीतून उतरायचे नाही, हा नियम योग्यच आहे.

एकदा मी शाळेची सहल घेऊन गेलो होतो. सारी मुले वाघासाठी माना उंचावून बसली होती. तळे आले, तसा एक गोंड मुलगा चपला काढून हात जोडून बसला. मी विचारले, तेव्हा हळूच म्हणाला, "गुरुजी, माझा आजा इथे चालत येत होता."

त्या दिवशी आम्हांला वाघ दिसला नाही. घरी परतल्यावर बायकोने विचारले, "काय पाहिले?" मी म्हटले, "वाट पाहिली."