देशांतर आणि एचआयव्ही उपचारांचे सातत्य

एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती शिक्षण, नोकरी, विवाह किंवा आश्रय यांसाठी एका देशातून दुसऱ्या देशात स्थायिक होते, तेव्हा तिची औषधे, तपासण्या आणि वैद्यकीय देखरेख अखंड चालू राहणे यास उपचारांचे सातत्य असे म्हणतात. एचआयव्ही पूर्णपणे बरा करणारे औषध सर्वसामान्यांसाठी उपलब्ध नसल्याने अँटीरेट्रोव्हायरल उपचारपद्धती (एआरटी) आयुष्यभर घ्यावी लागते. त्यामुळे देश बदलला तरी उपचारात खंड पडू न देणे हा या रुग्णांपुढील प्रमुख प्रश्न ठरतो.

सातत्याची आवश्यकता

एआरटीमुळे रक्तातील विषाणूंचे प्रमाण (व्हायरल लोड) चाचणीत न आढळण्याइतके कमी होते. ते तसे टिकून राहिल्यास लैंगिक संबंधांतून विषाणू जोडीदाराकडे संक्रमित होत नाही. औषधे थांबविल्यास मात्र बहुतेक रुग्णांमध्ये दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढू लागतो. पुढे सीडी४ पेशी घटतात, क्षयरोगासारख्या संधिसाधू आजारांचा धोका वाढतो. औषधे अनियमितपणे घेतल्यास विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. ज्यांना हिपॅटायटिस बी देखील आहे, त्यांनी टेनोफोविर व लॅमिव्हुडिन अचानक बंद केल्यास यकृताला तीव्र सूज येण्याची शक्यता असते. कारण ही औषधे दोन्ही विषाणूंवर काम करतात.

प्रस्थानापूर्वीची तयारी

जाण्यापूर्वी रुग्णाने आपल्या उपचार केंद्राकडून लेखी सारांश घेणे हितावह असते. त्यात निदानाचे वर्ष, आजवर घेतलेली सर्व औषधे, ती बदलण्याची कारणे, अलीकडचे व्हायरल लोड व सीडी४ अहवाल, औषधरोधाची चाचणी झाली असल्यास तिचा निष्कर्ष, तसेच क्षयरोग व हिपॅटायटिस यांची माहिती असावी. औषधांची नावे व्यापारी नव्हे, तर मूळ रासायनिक नावांनी लिहिलेली असावीत. कारण एकच औषध निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नावांनी विकले जाते. भारतात सध्या प्रामुख्याने दिली जाणारी गोळी टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर या तिघांची मिळून बनलेली असते. अन्य देशांत याच वर्गातील निराळी संयुक्त गोळी दिली जाण्याचा संभव असतो. परंतु असा बदल वैद्यकीय सल्ल्यानेच करावयाचा असतो.

नव्या देशात पहिली भेट मिळण्यास विलंब लागू शकतो, हे गृहीत धरून पुरेसा औषधसाठा सोबत नेला जातो. तो सामान हरवण्याच्या भीतीने हातातील पिशवीत, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवणे श्रेयस्कर असते. गोळ्यांची वेळ नव्या घड्याळाप्रमाणे कशी जुळवून घ्यावी, हेही आधी विचारून घ्यावे लागते. डोल्युटेग्राविर घेणाऱ्यांनी आम्लपित्तनाशके आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांच्या वेळेबाबत सल्ला घ्यावा; रिफॅम्पिसिन हे क्षयरोगाचे औषध चालू असल्यास त्याची मात्रा वाढवावी लागते.

प्रवेशाविषयीचे नियम

एचआयव्हीग्रस्तांच्या प्रवेशावर किंवा वास्तव्यावर निर्बंध घालणाऱ्या देशांची संख्या कमी होत आली असली, तरी २०१९ साली यूएनएड्सच्या अहवालानुसार सुमारे ४८ देश व प्रदेशांत असे निर्बंध होते. अमेरिकेने १९८७ पासून लागू असलेली प्रवेशबंदी ४ जानेवारी २०१० रोजी उठवली. त्यानंतरच, २०१२ मध्ये, आंतरराष्ट्रीय एड्स परिषद २२ वर्षांनी पुन्हा त्या देशात, वॉशिंग्टन येथे भरू शकली. कॅनडामध्ये एचआयव्ही हे प्रवेश नाकारण्याचे थेट कारण नाही. मात्र आरोग्यसेवेवर अपेक्षित खर्चाचा भार अतिरिक्त ठरल्यास अर्ज नामंजूर होऊ शकतो. निर्वासित आणि पुरस्कृत पती-पत्नी यांना या अटीतून सूट आहे.

आखाती देशांमध्ये नोकरीच्या व्हिसासाठी वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही चाचणी केली जाते. निष्कर्ष होकारार्थी आल्यास परवाना नाकारला जातो व तेथे असलेल्या व्यक्तीस मायदेशी परत पाठविले जाते. रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतून अनेक कामगार या देशांत जात असल्याने महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नोकरी जाण्याच्या भीतीने काही जण गोळ्या लपवतात किंवा सोडून देतात आणि आजार बळावल्यावर परततात. अशा व्यक्तींनी परतल्यावर एआरटी केंद्रात जाऊन उपचार पुन्हा सुरू करणे आवश्यक असते. खंड पडल्याचे न लपवता सांगितल्यास योग्य औषधयोजना ठरविणे सुलभ होते.

नव्या देशातील उपचार

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१२ पासून एचआयव्हीचे उपचार स्थलांतरविषयक दर्जा न पाहता सर्वांना मोफत मिळतात. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने सुरू झालेला रायन व्हाइट कार्यक्रम विमा नसलेल्या किंवा अपुरा विमा असलेल्या अल्प उत्पन्नाच्या रुग्णांना साहाय्य करतो. इतरत्र विमा, वास्तव्याचा परवाना आणि स्थानिक नियम यांवर उपचारांची उपलब्धता अवलंबून असते.

भारतातील व्यवस्था व गोपनीयता

भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून शासकीय रुग्णालयांत मोफत एआरटी देण्यास सुरुवात केली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) हा कार्यक्रम राबवते. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. सामान्यतः संमतीविना चाचणी करण्यास किंवा रुग्णाची माहिती उघड करण्यास, तसेच नोकरीसाठी चाचणीची अट घालण्यास तो मनाई करतो. हे संरक्षण भारताच्या सीमेपुरते असल्याने परदेशी जाणाऱ्याने तेथील कायदे स्वतंत्रपणे समजून घेणे अगत्याचे ठरते.