कमरपट्ट्याची गटई : घडविणारा हात आणि सांधणारा हात

चामड्याच्या धंद्याचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक बहुधा पादत्राणांपासून आरंभ करतो आणि तेथेच थांबतो. कमरपट्ट्याकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. वास्तविक आपल्या भाषेने या वस्तूची आठवण चांगली जपली आहे. कचेरीतील शिपायास आपण ‘पट्टेवाला’ म्हणतो, ते त्याच्या अंगावरील पट्ट्यामुळे. आणि ‘चपराशी’ म्हणतो, ते त्या पट्ट्यावरील पितळी बिल्ल्यामुळे, म्हणजे ‘चपराशी’मुळे. हुद्दा पट्ट्यात होता. तो पट्टा कोणी शिवला आणि उसवल्यावर कोणी सांधला, हे विचारण्याची आवश्यकता मात्र कोणास वाटली नाही.

अलीकडे हा प्रश्न निराळ्या वाटेने आपल्या घरात आला आहे. शिकून सवरून मोठ्या पगारावर गेलेले आपले मुलगे-मुली परदेशी नाममुद्रेचा, चाळीस-पन्नास हजार रुपये किमतीचा पट्टा हौसेने घेतात. दोन-तीन वर्षांत बकलाजवळची शिवण सुटते, किंवा कडेचा रंग पापुद्र्यासारखा निघू लागतो. मग घरात चर्चा सुरू होते : हा पट्टा पेढीच्या दुकानात पाठवावा, की नाक्यावरच्या गटई कामगाराकडे द्यावा? आणि ज्या घरातील आजोबा स्वतः आरी-रापी घेऊन बसत, त्या घरातही उत्तर बहुधा ‘पेढीकडे’ असेच येते. हे उत्तर कधी बरोबर असते, कधी चूक असते. परंतु ते इतक्या सहज का येते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

घडविणारा आणि दुरुस्त करणारा हे दोन वेगळे कारागीर आहेत, ही कल्पना आपल्याकडची नव्हे. लंडन शहरात तिला कायद्याचे रूप आले. तेथे नव्या चामड्याचे काम करणाऱ्यास ‘कॉर्डवेनर’ म्हणत. स्पेनमधील कोर्दोबा नगरीच्या नामांकित चामड्यावरून हे नाव पडले. जुन्या चामड्यावर काम करून डागडुजी करणारा तो ‘कॉबलर’. कॉर्डवेनरांच्या संघास 1272 साली नियमावली मिळाली आणि 1439 साली राजाची सनद. चौदाव्या आणि पंधराव्या शतकांच्या संधीवर या दोघांमध्ये मोठा तंटा माजला. नवे चामडे कोणी वापरावे आणि जुने कोणी, यासाठी नगरपालांना मध्ये पडावे लागले. एकच आरी, एकच दोरा, एकच मेण. परंतु नव्यास हात लावणारा प्रतिष्ठित ठरला आणि जुन्यास हात लावणारा खालचा ठरला. इंग्रजी भाषेत ‘कॉबल’ या क्रियापदास ओबडधोबड जुळवाजुळव असा अर्थ चिकटला, यात आश्चर्य नाही.

आपल्या गावगाड्यात ही फाळणी नव्हती. ढोर कातडे कमावी आणि चर्मकार त्याच्या वस्तू करी, अशी वाटणी होती. परंतु वस्तू करणारा आणि ती सांधणारा हात एकच असे. विहिरीवरची मोट, तिची सोंड, आसूड, वहाणा, घोड्याचे सामान, पट्टे हे सारे ज्याने केले त्यानेच वर्षभर राखावयाचे आणि मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्यरूपाने घ्यावयाचा. बलुत्याचा खरा करार बारमाही दुरुस्तीचा होता. ऐन उन्हाळ्यात मोट फाटली तर मळा वाळे; म्हणून टाका वेळेवर पडणे यास फार मोल होते.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मात्र माझा मुळीच मानस नाही. ज्याने मोट शिवली त्याने त्या मोटेने उपसलेल्या पाण्यास शिवू नये, असा तो न्याय होता. खळ्यावरचा हक्काचा वाटाही पुष्कळदा उपकार म्हणून पदरात टाकला जाई. त्या व्यवस्थेत विद्या अखंड होती आणि विद्यावान अपमानित होता, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

पुढे साहेबाच्या अमदानीत चामड्याचा पट्टा लष्करी वस्तू म्हणून प्रतिष्ठा पावला. ‘सॅम ब्राउन’ पट्ट्याची कथा तर हिंदुस्थानातच घडली आहे. 1857 च्या उठावाच्या धामधुमीत, 31 ऑगस्ट 1858 रोजी पिलिभीतजवळच्या चकमकीत सॅम्युएल ब्राउन या सेनाधिकाऱ्याचा डावा हात तुटला. डाव्या हाताने तलवारीचे म्यान सावरता येईना, म्हणून उजव्या खांद्यावरून आडवा पट्टा घेऊन तो कमरपट्ट्यास जोडण्याची युक्ती त्याने काढली. पुढे ती अनेक देशांच्या सैन्यांनी उचलली. पट्ट्यास त्याचे नाव मिळाले. शिवणाऱ्याचे नाव कोठे उरले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कानपूर येथे सैन्यासाठी खोगिरे व पट्टे करण्याचे मोठे कारखाने उभे राहिले, आणि बलुत्याचा कारागीर मजुरीचा कामगार झाला. कारखान्यात एकाने कापावे, दुसऱ्याने भोके पाडावीत, तिसऱ्याने शिवावे. संपूर्ण पट्टा जाणणारा माणूस हळूहळू दुर्मिळ होऊ लागला.

त्याच काळात चामडेही बदलले. हिरडा, बाभळीची साल यांत आठवडेच्या आठवडे मुरविलेले आपले कातडे टणक, दमदार आणि आरीस मानवणारे असे. 1884 साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या रीतीचे एकस्व घेतले. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास येथे आल्फ्रेड चॅटर्टन याने ही रीत हिंदुस्थानात चालविण्याचे प्रयोग केले, आणि त्यात पाणी उपसण्याच्या मोटांचे चामडे हा एक मुख्य हेतू होता! आपल्याच मोटेने नव्या रसायनास दार उघडले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता पॅरिस आणि फ्लॉरेन्सकडे वळू. ज्या पेढ्यांच्या नावापुढे आज आपली मुले मान तुकवितात, त्यांची मुळे घोड्याच्या सामानात आहेत. थिएरी हर्मेस याने 1837 साली पॅरिसमध्ये काढलेले दुकान घोड्यांच्या साजाचे होते. गुच्चिओ गुच्ची याने 1921 साली फ्लॉरेन्समध्ये आपली पेढी काढली. तिच्या हिरव्या-तांबड्या-हिरव्या पट्टीची कल्पना खोगिराच्या तंगावरून घेतली, असे ती पेढी सांगते. पहिल्या महायुद्धानंतर पुरुषांच्या पाटलोणीस खांद्यावरच्या गॅलिसऐवजी कमरपट्टा रूढ झाला, मोटारीने घोड्यास हटविले, आणि खोगीर शिवणारे हात पट्टे व पिशव्या शिवू लागले. साज करणारा कारागीर साज दुरुस्तही करी. त्याखेरीज गिऱ्हाईक टिकत नसे. हर्मेसच्या पेढीत आजही आपल्या जुन्या वस्तू दुरुस्त करण्याची व्यवस्था आहे. मेण लावलेला लिननचा एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया परस्परविरुद्ध दिशांनी ओढावयाच्या, हा खोगिराचा टाका तेथे अभिमानाने मिरविला जातो. त्यातील एक टाका तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात. यंत्राच्या शिवणीत तसे होत नाही. दोरा एके ठिकाणी तुटला की ओळ उसवू लागते.

आपल्या गटई कामगाराची आरी ही आकडीची असते. खाली धरलेला दोरा ती भोकातून वर खेचते आणि त्या फासातून दुसरे टोक ओवून टाका आवळला जातो. सुई न वापरता केवळ बोटांच्या अंदाजाने प्रत्येक टाक्याचा ताण सारखा ठेवणे, ही सामान्य गोष्ट नव्हे. याच आरीचे नाजूक रूप घेऊन कच्छमधील मोची कारागिरांनी रेशमावर साखळीटाक्याचे भरतकाम केले आणि ते दरबारापर्यंत नेले. ‘आरी’ भरतकाम आज मुंबईच्या कारखान्यांतून पॅरिसच्या पेढ्यांकडे जाते; डिओर या पेढीने 30 मार्च 2023 रोजी गेटवे ऑफ इंडियापाशी आपला सोहळा केला, तो याच हस्तकौशल्याच्या नावाने. मग तीच आरी पदपथावर दिसली की आपली नजर दुसरीकडे का वळावी?

आता मूळ प्रश्नाचे व्यवहारी उत्तर. जाणता कारागीर पट्टा हाती घेताच प्रथम तो वाकवून पाहतो आणि कडेकडे निरखतो. कडेस तंतू दिसले, चामडे एकसंध असले, तर दुरुस्ती होते. चामड्याचा भुगा डिंकाने थापून वर पातळ कातडीचा मुलामा दिला असेल, तर भेग एकदा पडली की पडली. त्यावर पेढीचा इलाज नाही आणि नाक्यावरचाही नाही. असा माल मोठ्या नावाखाली विकला जातो, हे सांगण्यास कोणाची भीड बाळगण्याचे कारण नाही. बकलाजवळची शिवण सुटणे, पट्टा अडकविण्याची चामडी कडी तुटणे, भोक ताणले जाणे, पट्टा आखूड करणे, ही सारी कामे आपला माणूस उत्तम करतो. मात्र आखूड करताना पट्टा बकलाच्या बाजूने कापावा. टोकाच्या बाजूने कापला की टोकाचा आकार आणि भोकांचे अंतर दोन्ही बिघडतात. हे ज्यास ठाऊक नाही त्याच्या हाती किमती पट्टा देऊ नये. कडेच्या रंगाचे थर आणि पेढीच्याच साच्यातील बकल, यांसाठी पेढीकडे जाणे भाग आहे. आणखी एक सावधगिरी : बाहेरच्या हाताने दुरुस्त झालेली वस्तू पुन्हा स्वीकारावयाची नाही, असा नियम अनेक पेढ्या पाळतात. म्हणून मोठी दुरुस्ती असेल तर आधी पेढीस विचारावे, मग नाक्यावर जावे.

या नियमात लंडनचा जुना तंटा मला पुन्हा दिसतो. वस्तू विकत घेतली तरी तिला सांधण्याचा अधिकार पेढीकडेच राहावा, बाहेरचा टाका म्हणजे विटाळ! फ्रान्सच्या शासनाने मात्र उलट दिशेस पाऊल टाकले आहे. नोव्हेंबर 2023 पासून तेथे नोंदणीकृत कारागिराकडून कपडे व पादत्राणे दुरुस्त करून घेणाऱ्यास दुरुस्तीच्या खर्चात सूट मिळू लागली. नवी वस्तू घेण्यापेक्षा जुनी सांधणे हे राष्ट्राच्या हिताचे, असे तेथील सरकारने मानले. आपल्या राज्यात आज संत रोहिदासांच्या नावाने ओळखले जाणारे चर्मोद्योग महामंडळ 1974 साली स्थापन झाले, आणि समाजकल्याणाच्या योजनेतून गटई कामगारांस पत्र्याचे स्टॉल देण्यात आले. ऊन-पावसापासून आडोसा झाला, हे खरेच. परंतु टाक्याचा दर अजून गिऱ्हाईकच ठरविते. पेढीकडे शेकडो युरो निमूट मोजणारा मनुष्य तीच शिवण नाक्यावर घालून घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस करतो.

जून 2025 मध्ये मिलान येथील सोहळ्यात प्राडा या पेढीने कोल्हापुरी वहाणांच्या घाटाचे जोड मांडले. प्रारंभी कोल्हापूरचा नामोल्लेखही नव्हता. कोल्हापुरीस 2019 साली महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेले होते. येथून हरकत घेतली गेली, आणि पेढीस मूळ स्थान मान्य करावे लागले. डिसेंबर 2025 मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिने करार केला. घडविणाऱ्या हातास नाव मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. सांधणाऱ्या हातास अजून ते मिळावयाचे आहे.

काशीच्या संत रोहिदासांची जी प्रतिमा आपल्या घराघरांत आहे, तिच्यात ते पुष्कळदा जोडा सांधताना दिसतात; शेजारी पाण्याची कुंडी असते. मंडळाच्या कार्यकारिणीस माझी एक सूचना आहे. आपल्या वस्त्यांतून साठीच्या पुढचे जे गटई कारागीर अजून बसतात, त्यांची नावे, ते कोणकोणते टाके जाणतात आणि कोणते चामडे ओळखतात, याची वही करावी, आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत ती छापावी. ज्या कुटुंबांत किमती पट्टे आहेत त्यांनी त्या वहीतील पत्ते पाहून एकदा तेथे जावे, आणि शिवणीचा दर विचारून तो पूर्ण द्यावा.