विवाहदिनीचा उपवास : आपल्या शेजारच्या बेने इस्रायल समाजाची परंपरा

उपवासाची महती आपल्या वाचकांना सांगावी असे नाही. परंतु ज्या दिवशी घरोघरी पंक्ती उठतात, त्याच दिवशी वधूवरांनी निराहार राहावे, अशी प्रथा असलेला एक समाज शतकानुशतके आपल्या कोकणात नांदला आहे आणि आजही आपल्या ठाणे शहरात आपला शेजारी आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. तिचा अल्प परिचय करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

ठाण्यातील टेंभी नाका परिसरात १८७९ साली उभारलेले यहुदी प्रार्थनामंदिर आहे. त्याचे नाव 'शाअर हाशामायिम', म्हणजे 'स्वर्गाचे द्वार'. ते बेने इस्रायल समाजाचे. गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर लागलेल्या सात दांपत्यांपासून आपला वंश वाढला, असे हा समाज परंपरेने मानतो. कोकणात या लोकांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. रोहेकर, पेणकर, केहिमकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडली. मातृभाषा मराठीच.

धर्मग्रंथ हाताशी नसतानाही या समाजाने आपले उपवास जपले आणि त्यांना आपल्या बोलीतील नावे दिली. यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकाचा दिवस म्हणजे 'बिरड्याचा रोजा', कारण त्या उपवासानंतर वालाचे बिरडे खाण्याची रीत पडली. वर्षातील सर्वांत मोठा उपवास, योम किप्पूर, हा 'दारफाळणीचा सण' झाला. त्या दिवशी दारे लावून, शुभ्र वस्त्रे नेसून, अन्नपाणी वर्ज्य करून ईश्वराजवळ क्षमा मागावयाची. पुढे एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले आणि या रूढींना ग्रंथाचा आधार मिळाला.

विवाहदिनीच्या उपवासाचे मूळ याच क्षमायाचनेत आहे. विवाह करणाऱ्याची पूर्वीची पापे क्षमा होतात, असे यहुदी शास्त्रात प्राचीन वचन आहे. म्हणून विवाहाचा दिवस हा त्या दोघांपुरता योम किप्पूरच होय, असे मानले गेले. पहाटेपासून निराहार राहावयाचे, दुपारच्या प्रार्थनेत दोषांची कबुली द्यावयाची आणि मंडपाखाली आशीर्वादाच्या द्राक्षरसाने उपवास सोडावयाचा, असा हा क्रम आहे. सोळाव्या शतकात पोलंडमधील क्राकोव येथील शास्त्री मोशे इस्सर्लेस यांनी ही रूढी आपल्या टीकेत नोंदवली आहे. तिची आणखी एक व्यावहारिक उपपत्तीही सांगतात. विवाह हा करार आहे, तो करताना वर मद्याच्या अमलाखाली नसावा, शुद्धीवर असावा. मात्र प्रतिपदा, हनुक्का, पुरीम अशा आनंदाच्या तिथींना हा उपवास करीत नाहीत. तसेच ही रूढी सर्वत्र सारखी नाही. युरोपातील अश्कनाझी यहुद्यांत ती दृढ आहे, तर सेफार्दी परंपरेतील अनेक ठिकाणी विवाहदिन हा वधूवरांचा सणच मानून त्या दिवशी उपवास करीत नाहीत.

या शास्त्रार्थाशी माझी पहिली ओळख ग्रंथातून झाली नाही, ती दुकानाच्या गादीवर झाली. १९८० च्या सुमारास मी वडिलांच्या हाताखाली नुकताच बसू लागलो होतो. एक बेने इस्रायल बाई मुलीच्या लग्नासाठी पांढरी साडी घेण्यास आल्या. शुभकार्याला पांढरी साडी कशी, म्हणून मी सवयीने लाल शालू पुढे टाकला. बाई हसून म्हणाल्या, "अहो शेटजी, मुलगी त्या दिवशी रोजा धरणार आहे. देवापुढे निर्मळ उभी राहणार, तर वस्त्रही निर्मळ नको का?" वडिलांनी मला शालू उचलावयास सांगितले आणि पांढऱ्या साड्यांचा गठ्ठा स्वतः सोडला.

पुढे वाचनात आले की प्राचीन यरुशलेमच्या कन्या योम किप्पूरला शुभ्र वस्त्रे नेसून द्राक्षमळ्यांत नृत्य करीत आणि ती वस्त्रे उसनी घेतलेली असत. हेतू एवढाच की जिच्याकडे वस्त्र नाही तिला लाज वाटू नये. कापडाच्या व्यापाऱ्याला याहून मोठा उपदेश कोणता?

या निष्ठेची कसोटी मात्र परक्यांनी नव्हे, स्वकीयांनीच घेतली. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे १९६२ साली मुख्य धर्मपीठाने विवाह लावण्यापूर्वी बेने इस्रायलांच्या मातृवंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्यांनी ग्रंथावाचून शेकडो वर्षे उपवास पाळले, त्यांनाच बोहल्यापाशी आपले यहुदीपण सिद्ध करावे लागले! समाजाने शांततेने पण ठामपणे प्रतिकार केला आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे घोषित केले. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

यहुदी शास्त्र असेही सांगते की माणसाने माणसाचा केलेला अपराध केवळ उपवासाने फिटत नाही. ज्याला दुखावले त्याची समजूत घालावी लागते. संवत्सरीला परस्परांची क्षमा मागणाऱ्या आपणांस हे वचन परके वाटणार नाही. दोन जीव एकत्र संसार मांडताना आधी पोट रिते करतात, मन रिते करतात आणि मगच पहिला घोट घेतात. उपवासाचे पारणे यापरते मंगल ते कोणते?