फ्रेंच फ्राइज : दोष बटाट्याचा की कढईचा?

उकडलेल्या १०० ग्रॅम बटाट्यातून सुमारे ८७ कॅलरी मिळतात. स्निग्धांश जवळजवळ नसतोच. तोच बटाटा लांबट कापून तळला, की १०० ग्रॅममागे कॅलरी तीनशेच्या पुढे जातात आणि स्निग्धांश १५ ग्रॅमच्या आसपास पोहोचतो. तळताना कापांतील पाणी वाफ होऊन निघून जाते व त्याची जागा काही प्रमाणात तेल घेते. काप बारीक असले, तर तेल अधिक शोषले जाते. पोर्तुगिजांबरोबर आलेल्या आणि मराठीत पोर्तुगीज नावानेच रुळलेल्या या कंदात मुळात पोटॅशियम व क जीवनसत्त्व चांगले असते, हे येथे सांगायला हवे.

मिठाविषयी मात्र थोडा गैरसमज आहे. वरून भुरभुरलेले मीठ थेट जिभेला लागत असल्याने फ्राइज फार खारट भासतात; प्रत्यक्षात १०० ग्रॅममध्ये ते बहुधा अर्धा ते एक ग्रॅमच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. तरीही निश्चिंत राहता येत नाही. सोबतचे केचप, चीज आणि बर्गर आपापले मीठ घेऊन येतात. शिवाय खारट चवीमुळे हात थांबत नाही. रक्तदाबाच्या रुग्णांनी हिशेब संपूर्ण ताटाचा करावा.

अधिक चिंतेची बाब म्हणजे ॲक्रिलामाइड. पिष्टमय पदार्थ १२० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला तळले वा भाजले असता हे रसायन तयार होते, असे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिले. मानवात ते ‘बहुधा कर्ककारक’ मानले जाते. आहारातील प्रमाणाबाबतचा ठोस पुरावा अद्याप अपुरा आहे.

‘बीएमजे’ नियतकालिकात २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील दोन लाखांहून अधिक व्यक्तींच्या आहाराची पाहणी होती. आठवड्यातून तीनदा फ्राइज खाण्याशी टाइप-२ मधुमेहाच्या जोखमीतील सुमारे २० टक्के वाढ निगडित आढळली; उकडलेल्या, भाजलेल्या किंवा कुस्करलेल्या बटाट्याबाबत तशी लक्षणीय वाढ दिसली नाही. अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण कढईकडे बोट मात्र नक्कीच जाते.

घरी करताना काप जाडसर ठेवावेत, अर्धा तास पाण्यात भिजवून पुसून कोरडे करावेत आणि तपकिरी न होऊ देता फिकट सोनेरी रंगावर काढावेत. मीठ वाढतेवेळी, चिमटीनेच घालावे. एकदा तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.